बिनधातूची तार

रत्नप्रभा धुरीच्या अंगाला वास यायचा. मी तिची जवळची मैत्रीण, तेव्हा हे बोलायचा मला अधिकार आहे. घामाचा नव्हे, गंधक, अमोनिया आणि त्या दोघांच्या भांडणातून निघालेलं काहीतरी तिसरंच. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर. पोरांना टायट्रेशन दाखवायचं, ब्युरेट फोडली की ओरडायचं आणि उरलेल्या वेळात आपापली पीएच.डी. रेटायची. माझं काम पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर होतं. ते इतकं निरुपद्रवी होतं की मी ते करते आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे. रत्नाचं काम मात्र दोन मजले उतरून कॉमर्सच्या वर्गात पोचायचं आणि तिथले प्राध्यापक नाकाला रुमाल लावून नफातोटा शिकवायचे.

ती आणि तिची आई, जानकीमावशी, नाहूरला दोन खोल्यांत राहायच्या. वडील लालबागच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. ब्याऐंशीच्या संपात ते गावी गेले, कणकवलीच्या अलीकडे, तिथे आंब्याची कलमं लावली आणि मुंबईचं नाव टाकलं. मावशींना चल म्हणाले. मावशी म्हणाल्या, गाव सोडून आले ती काय परत जायला? नवरा-बायकोचं भांडण नव्हतं. दोघांनाही आपापली जागा सापडली होती, एवढंच. रत्ना नाहूरहून मुलुंडला चालत यायची, कारण बसमध्ये कंडक्टर तिला पार पुढच्या दाराशी नेऊन उभी करायचा.

आता तिचं काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, मी पोरांना शिकवून शिकवून सोपं बोलायला शिकले आहे. तार म्हटली की धातूची, हे कुठलाही वायरमन सांगेल. तांबं घ्या, ॲल्युमिनियम घ्या. पण गंधक, म्हणजे फटाक्यातली ती पिवळी पूड, आणि नायट्रोजन, म्हणजे आपण श्वासाबरोबर आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो तो वायू, या दोघांनी एकाआड एक हात धरून लांबच लांब रांग लावली, तर त्या रांगांचा एक सोनेरी स्फटिक होतो. त्यात धातूचा कण नसतो, आणि तरी वीज त्यातून तांब्यापितळेतून जावी तशी जाते. खूप म्हणजे खूपच थंड केला तर विजेला अडवणंच सोडून देतो. पंच्याहत्तर साली परदेशात हे कळलं तेव्हा फार गाजावाजा झाला म्हणे. चौऱ्याऐंशीत ते आमच्या कॉलेजात पोचलं, तोवर जग दुसऱ्याच कुठल्या प्लॅस्टिकच्या मागे लागलं होतं. बेलबॉटमही मुलुंडला अशीच उशिरा आली होती.

हा विषय रत्नाच्या गळ्यात घातला आमचे विभागप्रमुख आणि तिचे गाइड डॉ. नंदकुमार आजगावकर यांनी. सर वाईट नव्हते. सफारी घालायचे, शुद्ध बोलायचे आणि त्यांना सत्कार फार आवडायचे. सत्कार दुसऱ्याचा असला तरी चालायचा, भाषण मात्र त्यांचं लागायचं. त्यांनी जुन्या जर्नलमध्ये त्या सोनेरी स्फटिकाबद्दल वाचलं, आपल्या विभागात असं काहीतरी चाललंय हे प्राचार्यांना सांगायला झकास वाटेल असं त्यांच्या मनात आलं, आणि बाकी कोणी तयार नव्हतं म्हणून त्यांनी रत्नाला मागची खोली दिली. रत्ना तयार झाली, कारण तिला कोणीतरी एकदा तरी असं काही द्यावं ज्याचा उपयोग काय ते आधी विचारलं जाणार नाही, असं तिला वाटायचं. हे तिनेच मला सांगितलं होतं.

कृती वाचायला सोपी होती. गंधकाच्या एका घाणेरड्या द्रवात अमोनिया सोडायचा. त्यातून नारिंगी स्फटिक मिळतात, दिसायला थेट संत्र्याच्या गोळ्या आणि स्वभावाने थेट रत्ना, धक्का लागला की फुटणार. एकदा तिने ते बाटलीच्या तळातून खरवडले, तर काडकन आवाज होऊन काचेची दांडी उडाली आणि प्रयोगशाळेतले शिपाई काशीराममामा यांच्या कॅलेंडरात रुतली. त्या दिवसापासून मामा त्या खोलीचा केर उंबऱ्याबाहेरून लांब झाडूने काढायचे. तर या नारिंगी स्फटिकांची वाफ काचेच्या नळीतून, हवा काढून टाकून, चांदीच्या तापलेल्या लोकरीवरून न्यायची. पुढे अतिथंड काचेवर पांढरे कण जमतात. ते नुसते ठेवून द्यायचे. आधी ते निळेकाळे होतात आणि मग, सगळं नीट झालं असेल तर, सोनेरी.

रत्नाचं काहीच नीट होत नव्हतं. चांदीची लोकर, म्हणजे केसाहून बारीक तारांचा पुंजका, परदेशातून यायची. मागवायला परवाना लागतो, परवान्याला सही लागते, सहीला साहेब लागतो आणि साहेब रजेवर. चांदीऐवजी तिने इतर काय काय घालून पाहिलं आणि प्रत्येक वेळी नळीच्या तोंडाशी डांबर जमलं. अशी तिची चार वर्षं त्या खोलीत गेली.

गणपतीच्या सुट्टीआधी सरांनी तिला बोलावलं. मी बरोबर गेले, कारण ती एकटी गेली की भांडण व्हायचं.

"मिस धुरी, दिवाळीपर्यंत मला मीटरचा काटा हललेला दिसला पाहिजे," सर म्हणाले. "नाहीतर हा विषय बंद. मागची खोली जिमखान्याला द्यायची आहे. कॅरम ठेवायचा म्हणतायत."

"आणि माझी पीएच.डी.?"

"भांडुपला एक रंगाचा कारखाना आहे. त्यांना रंगातलं जस्त तपासून हवंय. सोपा विषय आहे. दोन वर्षांत मोकळ्या व्हाल."

बाहेर आल्यावर रत्ना जिन्यात बसली. "मीरे, मी मेले तरी जस्त तपासणार नाही," ती म्हणाली. आणि मग, तिच्याकडून मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात, "माझ्याकडे दुसरं काही नाहीये गं." मला तिची दया आली आणि सरांचा संताप आला, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

वर्खाची कल्पना माझी. मी घाटकोपरची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं दुकान होतं आणि तिथल्या काजूकतलीवर चांदीचा वर्ख असायचा, फुंकर मारली तर उडेल इतका पातळ. लोकर नाही तर नाही, वर्ख चुरगळून नळीत भरू. रत्नाने मला मिठीच मारली. आम्ही कागदांत गुंडाळलेला वर्खाचा गठ्ठा आणला, नळीत भरला, तापवला, वाफ सोडली. डांबर. पुन्हा केलं. पुन्हा डांबर. तिसऱ्यांदा करायच्या आधी रत्नाला शंका आली म्हणून तिने वर्खाचा एक तुकडा कॉस्टिक सोड्यात टाकला. चांदी सोड्याला भीक घालत नाही. हा तुकडा फसफसला, बुडबुडे आले आणि बघता बघता नाहीसा झाला.

"ॲल्युमिनियम!" रत्ना ओरडली. "लोकांना ॲल्युमिनियम खायला घालतोय मेला!"

ती तशीच कोट न काढता घाटकोपरला निघाली. मिठाईवाल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. "ताई, खायचीच वस्तू आहे ना, खाऊन बघा," तो म्हणाला. "नळीत कोण घालतो? आजपर्यंत एक कंप्लेंट नाही आली."

"मी करते ना कंप्लेंट!"

"तुम्ही कुठे खाल्लात?" तो म्हणाला. रत्नाने दुकानभर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ॲल्युमिनियमवर एक व्याख्यान दिलं आणि आम्ही निघालो. येताना मी पाव किलो काजूकतली घेतली. बिनवर्खाची.

आता खरी चांदी कुठे मिळणार? तर आमच्या प्रत्येकाच्या घरी होती. आदल्या वर्षी कॉलेजचा रौप्यमहोत्सव झाला होता आणि प्राचार्यांपासून काशीराममामांपर्यंत प्रत्येकाला कॉलेजचं बोधचिन्ह कोरलेली चांदीची वाटी मिळाली होती. महोत्सव समितीचे निमंत्रक कोण, तर आजगावकर सर. भाषणही त्यांचंच. बहुतेकांच्या वाट्या देव्हाऱ्यात गेल्या. मी बौद्ध घरातली, आमच्याकडे देव्हारा नाही, माझ्या वाटीत आई शेंगदाण्याची चटणी ठेवायची. रत्नाची वाटी जानकीमावशींनी गणपतीच्या नैवेद्याला ठेवली होती. विसर्जन झाल्यावर रत्नाने ती उचलली आणि कात्रीने कडेची एक पट्टी कापली. वर्खाने तोंड पोळलेलं होतं, म्हणून तिने पट्टी आधी नायट्रिक ॲसिडमध्ये टाकून बघितली. चांदी विरघळली की पाणी पाण्यासारखंच राहतं. हे हिरवंनिळं झालं, बर्फाच्या गोळ्यावर ओततात त्या सरबतासारखं.

तांबं, निकेल आणि थोडंसं जस्त. म्हणजे जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी फक्त नावात असते.

शहाण्या बाईने परीक्षानळी मोरीत ओतली असती. मी तिला तेच सांगत होते. रत्ना ती नळी घेऊन मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गेली, खिडकीसमोर धरली आणि चहा पीत असलेल्या सरांना म्हणाली, "सर, वाट्या खोट्या आहेत."

सरांच्या हातातली बशी कपावर आपटली. मराठीच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, माझ्या बाळकृष्णाला मी त्यातच लोणी ठेवते." दुसऱ्या दिवसापासून लोक वाट्या घेऊन यायला लागले. आमच्या टेबलावर वाट्यांची रांग लागली. काशीराममामांनी तर वाटीबरोबर बायकोचे पैंजणही आणले, आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून. पैंजण खरे निघाले. वाट्या सगळ्या हिरव्या. माझीही. मला काडीचं दुःख झालं नाही. चटणीला काय फरक पडतो?

लोकांना वाटलं सरांनी हात मारला. तसं काही नव्हतं. सरांच्या मेहुण्याने कुठल्याशा ओळखीच्या दुकानातून वाट्या आणून दिल्या होत्या आणि सरांनी डोळे मिटून त्या घेतल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या देवघरातही तशीच वाटी होती. हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं आणि तेच वाईट झालं. सर लबाड निघाले असते तर त्यांना इतकं लागलं नसतं. ते बावळट निघाले. स्टाफरूममध्ये कोणी चमचा उचलला तरी दुसरा विचारायचा, "खरा ना?" आणि सर खिडकीबाहेर बघायचे. रत्नाशी त्यांनी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर काशीराममामांना पाठवायचे. मामा दारात उभे राहून सांगायचे, "सरांनी विचारलंय, खोली कधी रिकामी करताय?"

मी तिला म्हटलं, "रत्ने, तुला तोंड आवरता येत नाही का गं?"

"खोटं होतं ते, मीरे."

"खोटं होतं, पण तुझा गाइड होता."

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर नाहूरला गेले, वाटेत ती एकटी राहू नये म्हणून. जानकीमावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाटीचं प्रकरण त्यांना कळलं होतं आणि गणपतीला जर्मन वाटीत खीर दिली म्हणून त्या दोन दिवस लेकीवर रागावल्या होत्या. जणू वाटी हिनेच ओतली होती. रत्नाने त्यांना सांगितलं, चांदी मिळत नाही, दिवाळीनंतर खोली जाणार, विषय जाणार.

"कसली चांदी होयी तुका?" मावशींनी विचारलं.

"खरी, आये. बारीक तार करायला."

मावशींनी ताट बाजूला ठेवलं, कमरेचा छल्ला काढला आणि त्याच्या किल्ल्या एकेक करून सोडवल्या. चांगला जाड छल्ला होता, सासूने दिलेला. मुंबईच्या दोन खोल्यांत किल्ल्या त्या कितीशा, पण मावशी तो कमरेला लावल्याशिवाय दुकानातही जायच्या नाहीत.

"नको गं आये," रत्ना म्हणाली.

"गप. तुझ्या वाटयेसारखो नाय हा तो. सावंतवाडीच्या सोनारान केलेलो हा." मग किल्ल्यांना सुतळी बांधत त्या म्हणाल्या, "ह्येचा सोनां होतला म्हणतंस, तां झाला काय माका दाखव. बाकी माझा काय म्हणणां नाय."

"आये, ते चांदीचं सोनं होत नाही. चांदी नुसती..."

"काय ता होवंदे. माका दाखव म्हंजे झाला."

मुलुंडच्या सोनाराने छल्ला वितळवून केसासारखी तार ओढून दिली. ओढता ओढता त्याने विचारलं, एवढ्या चांगल्या चांदीचं काय करणार? रत्ना म्हणाली, काळी करणार. त्याने तार पुडीत बांधून दिली.

काच अतिथंड करायला द्रवरूप नायट्रोजन हवा होता. तो पवईच्या एका प्रयोगशाळेतून ओळखीने मिळायचा. आम्ही मोठा थर्मास मांडीवर धरून रिक्षाने आणला. झाकणाच्या फटीतून धूर यायला लागला तसा रिक्षावाला कांजूरमार्गच्या वळणावर थांबला. "बाई, यात आहे काय?" रत्ना म्हणाली, "थंडी." तो उरलेला सगळा रस्ता मान तिरकी करून चालवत होता.

त्या दिवशी नळीत मावशींची चांदी गेली. तापली, नारिंगी वाफ तिच्यावरून सरकायला लागली आणि ती झळझळीत तार डोळ्यांदेखत काळी पडली. सासूचा छल्ला, आणि त्याची काजळी करून बसलो. रत्ना मात्र खुशीत होती. "काळीच व्हायला हवी. गंधक खाल्ला तिने. आता ती कामाला लागेल." आणि ती लागली. पलीकडच्या थंड काचेवर पांढरी लव उगवली, डांबराचा ठिपका नाही. रत्नाने ती सांभाळून काढली, बंद नळीत ठेवली आणि कपाटात अंधारात ठेवून दिली.

पुढे करायचं काहीच नव्हतं, आणि रत्नाला नेमकं तेच जमत नव्हतं. ती तासातासाने कपाट उघडायची. मी ओरडायचे, अगं, अंडी उबवतेस का? पांढऱ्याचं निळं झालं, निळ्याचं शाईसारखं काळं झालं आणि तसंच राहिलं. नवरात्र बसलं. तिचं जेवण तुटलं. मी मनात म्हटलं, वाट लागली, आता जस्त. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी कॉलेजात पोचले तर ती उघड्या कपाटासमोर उभी होती. मी डोकावले. करंगळीच्या नखावर मावेल एवढा एक झुपका, सुयांसारखा, आणि लखलखीत सोनेरी. मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिले मला माहीत नाही. गंधक आणि हवा! मला खरंच रडू आलं. रत्नाने दोन बारीक तारा टेकवल्या, मीटर लावलं आणि काटा उठून पार दुसऱ्या टोकाला गेला. आम्ही दोघी किंचाळलो. मामा उंबऱ्याबाहेरून झाडू घेऊन धावत आले.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी दुपारी सगळ्यांना दाखवायचं ठरलं. मामांकरवी सरांना निरोप गेला. स्टाफरूममधली निम्मी मंडळी आली. कोणाला स्फटिक बघायचा होता आणि कोणाला सरांचं तोंड. जानकीमावशी जांभळं लुगडं नेसून आल्या होत्या. रत्नाने त्यांना सगळ्यांच्या आधी भिंगातून दाखवलं. त्या बराच वेळ एक डोळा मिटून वाकून राहिल्या, मग सरळ झाल्या आणि "बरां हा," एवढंच म्हणून खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या.

सर आले. मीटरचा काटा बघितला. तारा काढायला लावल्या, परत लावायला लावल्या, परत बघितला. मग हात मागे बांधून, कितीतरी दिवसांनी तिच्याशी थेट बोलले.

"मिस धुरी, तुम्ही चांदीवरून वाफ नेलीत ना?"

"हो सर."

"मग यात चांदी आली नसेल कशावरून? धातूशिवाय वीज जाते असा आपला दावा आहे. मी म्हणतो, यात धातू आहे. चांदीचा पातळ थर. तुम्ही माझ्या वाटीत चांदी नाही म्हणालात. मी तुमच्या तारेत चांदी आहे म्हणतो."

कोणीतरी खोकलं. मला सरांचा गळा धरावासा वाटला, आणि सगळ्यात जास्त राग याचा आला की प्रश्न बरोबर होता. परीक्षकाने नेमका हाच विचारला असता. त्याला उत्तर एकच होतं आणि ते रत्नालाही माहीत होतं. स्फटिक मुशीत, म्हणजे चिनीमातीच्या छोट्या भांड्यात, ठेवून जाळायचा. गंधकाचा धूर होऊन जाईल, नायट्रोजन हवेत जाईल. चांदी असली तर ती मागे राहील. मग मूस ॲसिडने धुवायची आणि त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. चांदी असेल तर दुधासारखा पांढरा ढग उठतो. बारावीच्या पोरांनाही हे येतं.

"अर्धा जाळते," रत्ना म्हणाली.

"मी म्हणेन, चांदी उरलेल्या अर्ध्यात होती," सर म्हणाले. "आणि हे आहेच केवढं! निम्मं घेतलंत तर काय दिसणार आहे?"

रत्ना चिमटा हातात घेऊन उभी राहिली. तिच्या चार वर्षांचा सगळा माल त्या नखाएवढ्या झुपक्यात होता. जाळला तर दाखवायला काही राहणार नव्हतं, आणि न जाळला तर तो खोटा ठरणार होता. तिचा हात पुढे जाईना. मावशींनी माझा पदर ओढला. "काय म्हणतत ते?" मी हळू आवाजात सांगितलं, मावशी, सर म्हणतात यात तुमच्या छल्ल्याची चांदी आहे. नाही हे दाखवायचं तर सगळं जाळावं लागेल.

"मगे जाळ गो," मावशी मोठ्याने म्हणाल्या. सगळे वळले. "घाबारतंस कित्याक? माझ्या चांदयेन तां झाला, असा लोकांनी म्हणाचा काय? तुझा तां तुझा. जाळ."

रत्नाने स्फटिक मुशीत ठेवला, झाकण ठेवलं आणि खाली बर्नर सरकवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आत चट् असा बारीकसा आवाज झाला, कडेने निळसर ज्योत डोकावली आणि नाकात झणझणणारा धूर खोलीभर झाला. तो ओसरल्यावर तिने झाकण काढलं. मूस पांढरीशुभ्र होती. तिने ॲसिडचे थेंब टाकले, तापवले, ते पाणी परीक्षानळीत काढलं. मिठाच्या पाण्याची बाटली सरांच्या हातात दिली. थेंब सरांनी स्वतः टाकला. एक, मग आणखी एक, मग बाटली जवळजवळ उलटीच केली. नळी खिडकीशी धरली, चष्मा वर केला, खाली केला.

पाणी स्वच्छ होतं.

"नाही," सर म्हणाले. "चांदी नाही." मग त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. "खोली असू द्या, मिस धुरी. जिमखान्याचं मी बघतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. रत्ना टाळ्यांकडे बघतच नव्हती. ती मुशीत बघत होती. तिने बोट घालून तळ चाचपला, जणू एखादा कण चुकून राहिला असेल, आणि मग ती आईजवळ जाऊन लहान पोरीसारखी रडायला लागली. "आये, सगळा गेला. काय्येक रवाक नाय."

कॉलेजात तिच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकली.

"गेला तर जांवदे," मावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "होता तां. मियां बघलंय." मग त्यांनी मान वर केली आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या सरांना सरळ विचारलं, "साहेबानू, तुमी बघलास मां?"

सरांनी एकदा स्टाफकडे बघितलं, एकदा त्या रिकाम्या मुशीकडे. सर मूळचे सावंतवाडीकडचे आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कॉलेजात त्यांनी तिकडचा एक शब्द कधी तोंडातून काढला नव्हता.

"होय गे आवशी," सर म्हणाले. "बघलंय मियां. सोनांच होता तां."